तो खडा नव्हता

आमच्या घराण्यात दोन गोष्टी वारशाने येतात, जाड भुवया आणि मुतखडा. भुवयांबद्दल कुणी बोलत नाही. खड्याबद्दल मात्र पंगतीत बसूनसुद्धा बोलतात. कुणाचा केवढा होता, कुणाचा कुठे अडकला, कोण जमिनीवर कसा गडाबडा लोळला. माझ्या आजोबांनी पडलेले खडे होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत घालून ठेवले होते आणि घरी आलेल्या पाहुण्यांना ते चहाबरोबर दाखवत. त्यावरचं औषधही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, बाळे दिंडू. केळीच्या खांबातला पांढरा गाभा काढायचा, किसायचा, पिळायचा आणि तो रस नाक दाबून प्यायचा. आम्ही बंगळुरात इतके जुने की त्या गाभ्याला मराठीत वेगळं काही म्हणतात का, हे मला अजून नीट माहीत नाही.

मी या घरातली पहिली डॉक्टर. त्यातही इमर्जन्सीची, म्हणजे माणूस स्ट्रेचरवरून आत आला की त्याला पहिला हात लावणारी. परक्यांचे मुलगे, सुना, जावई माझ्यासमोर हात जोडून उभे राहतात. घरी माझी किंमत बीपी मोजण्यापुरती आणि इंजेक्शन टोचण्यापुरती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते माझ्याइतकं कुणाला पटलं नसेल. हे लिहितानाही मला राग येतोय आणि तो झाकायचा माझा विचार नाही.

आधी थोडं शरीराबद्दल सांगते. हृदयातून एक मोठी रक्तवाहिनी निघते, छातीतून खाली उतरते, कण्याला टेकून बेंबीपर्यंत येते आणि तिथे तिला दोन पायांसाठी दोन फाटे फुटतात. ती महाधमनी. वय झालं आणि त्यात बीपीने आणि सिगारेटने हातभार लावला, की काही जणांच्या पोटात तिची भिंत विरते आणि तिथे फुगा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. तो वर्षानुवर्षं गप्प असतो. एक दिवस फाटतो. पुढच्या अंगाने फाटला तर माणूस बहुतेक वेळा तिथल्या तिथे जातो. मागच्या अंगाने फाटला तर आजूबाजूचं मांस त्या भोकावर थोडा वेळ दाबून बसतं, रक्त आतल्या आत झिरपतं आणि माणूस म्हणतो, कमरेत कळ आली. डॉक्टरला काही करता येतं ते त्याच थोड्या वेळात. आणि नेमका त्याच वेळात हा आजार हुबेहूब मुतखड्याचं सोंग घेतो.

म्हणून माझ्या वॉर्डात नव्या डॉक्टरांना मी पहिल्या आठवड्यातच बजावते. साठीच्या पुढचा पुरुष कमरेत कळ घेऊन आला, तर आधी धमनी बघा, मग खडा शोधा. खडा सापडला तरी धमनी बघा. एका माणसाला दोन आजार होऊ नयेत असा काही नियम नाही. छोटं सोनोग्राफी यंत्र पोटावर ठेवायचं, बस. हे मी इतक्यांदा म्हटलंय की मुलं माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. चिकपेटेत त्यांचं साड्यांचं घाऊक दुकान होतं. पदर दोन बोटांत धरून त्यातली जर खरी की खोटी हे डोळे मिटून सांगायचे. दुकानामागच्या बोळात उभे राहून सिगारेट ओढायचे आणि मी दिसले की माझ्या हातावर पेपरमिंट ठेवून म्हणायचे, काकूला सांगू नको. काकूंना अर्थातच ठाऊक होतं. सत्तरीला आल्यावर त्यांनी दुकान सोडलं, सिगारेटही सोडली. बीपीने मात्र त्यांना सोडलं नाही, गोळ्या घेऊनही वरचा आकडा दीडशेच्या खाली क्वचितच यायचा. मी मेडिकलला जायचं म्हटलं तेव्हा घरात सगळ्यांना माझ्या लग्नाची काळजी पडली होती. शिकू दे तिला, एवढं एकट्या अण्णांनी म्हटलं आणि विषय संपला.

त्या रविवारी त्यांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या, येलहंकातल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. मला सुट्टी मिळाली नाही. माझं हॉस्पिटल होसकोट्याला, कारखान्यांच्या पट्ट्यात, तिथे रविवारीही कुणाचं बोट यंत्रात जातंच. सकाळी घरून फोटो येत होते. गाय लिफ्टमध्ये शिरेना म्हणून तिला तळघरातल्या पार्किंगमध्येच ओवाळलं होतं. फोटोत तिच्या गळ्याला हात घालून अण्णा उभे होते, नव्या धोतरात, हसत.

थोड्या वेळाने वडिलांचा फोन आला. घरात मला अजून पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणतात.

“पुट्टी, अण्णांचा खडा उठलाय.” आवाजात काळजी कमी आणि कौतुक जास्त. “डावीकडे कंबर धरून बसलेत. घाम आला. बाथरूमपाशी स्वल्प चक्कर आली, पण आता बरे आहेत. काकू रस काढतायत.”

“चक्कर म्हणजे काय अप्पा? शुद्ध गेली होती?”

“क्षणभर. डोळे फिरवले, मग आपले आपण उठून बसले.”

माझ्या हातातलं पेन तिथेच थांबलं. खडा माणसाला लोळवतो, ओकायला लावतो, देव आठवायला लावतो. चक्कर कधी येतेही, नाही असं नाही. पण पंच्याहत्तरीचा, बीपीचा, चाळीस वर्षं सिगारेट ओढलेला माणूस कंबर धरतो आणि त्याची शुद्ध जाते, तेव्हा खडा हा शेवटचा विचार असायला हवा. मी अप्पांना हे सगळं सांगितलं. रक्तवाहिनी फुटली असू शकते, त्यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या, हे शब्द जसेच्या तसे सांगितले.

“सरी, सरी,” अप्पांनी हो ला हो म्हटलं. “रस घेऊ दे, मग बघू.”

तो रस कुठून आला हे मला नंतर कळलं. दाराच्या दोन्ही बाजूंना वास्तुशांतीसाठी केळीचे खांब बांधले होते, त्यातलाच एक विळीने कापला. बाजारात जायला वेळ कुठे होता, असं काकू म्हणाल्या. सगळ्यांनी या हुशारीचं कौतुक केलं. अण्णा पेला तोंडाला लावतायत असा एक फोटोही निघाला आणि घरच्या ग्रुपवर आला. खाली हसणारे चेहरे. मी त्याखाली लिहिलं, कृपा करून यांना हॉस्पिटलात न्या. त्यावर माझ्या आत्याने दोन जोडलेले हात पाठवले.

मी चुलतभावाला फोन केला. हा आयटीतला मोठा साहेब, रात्रंदिवस दुसऱ्यांची बंद पडलेली यंत्रं लांबून सुरू करून देतो. त्याला तरी कळेल असं मला वाटलं. त्याने ऐकलं, आणि अण्णांना घेऊन गेला, पण इमारतीसमोरच्या नर्सिंग होममध्ये. जवळ होतं ना. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तर पाहुणे घाबरतील, आणि भटजी अजून जेवायचे होते.

तिथे अण्णांना दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि पोटाची सोनोग्राफी केली. आणि त्यांच्या डाव्या मूत्रपिंडात खडा सापडला. सापडणारच. आमच्या घरातल्या कुठल्याही पुरुषाला यंत्राखाली झोपवा, एखादा तरी खडा सापडेल, तिथे तो वर्षानुवर्षं कुणाला न दुखवता पडलेला असेल. पण चुलतभावाचा आवाज परीक्षेचा निकाल लागल्यासारखा झाला होता.

“सापडला ग. चार मिलीमीटर. तू उगाच घाबरवलंस.”

“धमनी बघितली का?”

“काय?”

“डॉक्टरकडे फोन दे.”

डॉक्टर तरुण असावा, आवाजावरून. कन्नडात अदबीने बोलला. मी माझं काम सांगितलं, अण्णांचं वय, बीपी, सिगारेट, शुद्ध जाणं, सगळं सांगितलं, आणि विचारलं की महाधमनीची जाडी किती आली. तो म्हणाला, सोनोग्राफी मूत्रपिंडासाठी मागवली होती मॅडम, खडा दिसतोय, आणि पोटात गॅस खूप आहे, मधलं काही नीट दिसलं नाही. मी म्हटलं, मग पुन्हा बघा, जरा दाबून बघा. तो म्हणाला, सोनोग्राफीचे डॉक्टर गेले, संध्याकाळी येतील. मी म्हटलं, मग तुम्ही स्वतः त्यांच्या पोटावर हात ठेवा, बेंबीच्या वर, खोल.  तो म्हणाला, मॅडम, पेशंटला आता आराम आहे, सलाईन चालू केलंय, जोरात सोडलंय, म्हणजे खडा वाहून जाईल.

जोरात सलाईन. आत गळती असलेल्या माणसाला. दाब वाढला की ते भोक आणखी फाटतं. मी म्हटलं, ते बंद करा, आणि त्यांना आत्ता रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेल्या हॉस्पिटलात पाठवा. मी बहुतेक ओरडलेच. वॉर्डातली नर्स माझ्याकडे वळून बघायला लागली. पलीकडे तो म्हणाला, नातेवाइकांशी बोलून घेतो, आणि फोन ठेवला. मला त्याचा फार राग आला. खरं तर त्याच्यापेक्षा चीड याची आली की मी जे म्हणत होते ते प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर असतं, त्यात माझं शहाणपण काही नव्हतं, आणि तरी ते मला भीक मागितल्यासारखं मागावं लागत होतं.

मी ड्यूटी दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली केली आणि टॅक्सी बोलावली. होसकोट्याहून येलहंका म्हणजे शहराची एक बाजू सोडून दुसरी गाठणं. रविवार असूनही रस्ता तुंबलेला. ड्रायव्हरला मी दोनदा सांगितलं, जल्दी, आणि दोन्ही वेळा त्याने समोरच्या ट्रककडे बोट दाखवलं. अर्ध्या वाटेत काकूंचा फोन आला.

“पुट्टी, घरी आलो आम्ही. तू आता उगाच धावपळ करू नको. दुखणं थांबलंय. आणि ऐक, यांचं बीपी कधी नव्हे ते एकशेदहा आलं. तू इतकी वर्षं गोळ्या बदलत होतीस, जमलं नाही. एका रसाने जमलं.”

त्या हसत होत्या. मी टॅक्सीत डोळे मिटले. ज्या माणसाचं बीपी जन्मभर दीडशेच्या वर, त्याचं एकशेदहा म्हणजे नॉर्मल नव्हे. रक्त कुठेतरी जातंय. मी काकूंना म्हटलं, काकू, हे चांगलं नाही, त्यांच्या आत रक्तस्राव होतोय, त्यांना खाली गाडीत बसवा, मी पोहोचतेच आहे. त्या म्हणाल्या, तुला रोज मरणारी माणसं बघायची सवय, म्हणून सगळ्यांत तेच दिसतं. मग थोडा आवाज उतरवून म्हणाल्या, “पंगत बसलीय ग. ह्यांनाच वाढायला उभं राहायचंय. मुलाचं घर आहे.”

मी पोहोचले तेव्हा दारात एकच केळीचा खांब होता. आत पंगत उठत होती. अण्णा दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसले होते, चेहरा मेणासारखा, ओठ कोरडे. मला बघून हसले आणि म्हणाले, “आलीस. ह्यांना सांग, मी ठीक आहे. जेवण झाल्याशिवाय मला उठवू नका.” त्यांच्या हाताला हात लावला तर गार आणि ओला. मी तिथेच खाली गुडघ्यांवर बसले, त्यांचा शर्ट वर केला, आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवले. अण्णा बारीक अंगाचे, शोधावं लागलं नाही. बेंबीच्या वर, थोडं डावीकडे, मुठीएवढं काहीतरी होतं आणि ते माझे दोन्ही हात एकमेकांपासून लांब ढकलत होतं. प्रत्येक ठोक्याला.

“अप्पा, इथे हात ठेवा,” मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. कदाचित कुणीतरी एकदा माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून. अप्पांनी हात ठेवला आणि लगेच काढला. त्यानंतर कुणी खडा हा शब्द काढला नाही.

मोठ्या हॉस्पिटलात मी वाटेतूनच फोन केला होता. तिथल्या सर्जनने एकही प्रश्न दोनदा विचारला नाही. ऑपरेशन थिएटर तयार ठेवतो, रक्त मागवतो, सरळ आणा, म्हणाला. अनोळखी माणूस, आणि त्याने माझं पहिल्या वाक्यात ऐकलं. गाडीत अण्णा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपले होते. हेब्बाळच्या पुलावर गाडी अडली. तिथे त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “सगळे जेवले ना?” मी हो म्हटलं. मग त्यांनी कंबर धरली, आणि पुन्हा बोलले नाहीत.

हॉस्पिटलच्या दारात त्यांचं बीपी लागत नव्हतं. तरी सर्जनने त्यांना टेबलावर घेतलं. पोट उघडलं तेव्हा ते रक्ताने भरलेलं होतं, असं त्याने मला बाहेर येऊन सांगितलं. डॉक्टर डॉक्टरला सांगतो तसं, सरळ. थोडं आधी आले असते तर, असं म्हणायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला. त्याला मी काय सांगणार होते? सकाळपासून मी तेच तर म्हणत होते.

पुढचे दिवस माणसं येत राहिली. नशीब, म्हणत. वेळ आली की कुणाचं चालत नाही, म्हणत. केवढं भाग्याचं मरण, मुलाची वास्तुशांत बघून गेले. हे मला ऐकवत नव्हतं. वेळ आली नव्हती, ती आणली होती. एका बाजूने केळीच्या खांबाने, दुसऱ्या बाजूने अर्धवट बघितलेल्या सोनोग्राफीने, आणि मधे पंगतीने. पण हे तिथे बोलायचं कुणाला? चुलतभाऊ कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला असे. त्याच्याशी मी तीन दिवस बोलले नाही, आणि त्यालाही ते कळत होतं.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी होती. हा फुगा घराण्यात चालतो. सख्ख्या भावांना, मुलांना तपासायला हवं. अप्पा अण्णांचे सख्खे भाऊ, सत्तरीचे, आणि त्या बोळातल्या सिगारेटमध्ये त्यांचाही वाटा असे. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, सुतक फिटू दे. मी म्हटलं, सुतकाचा आणि सोनोग्राफीचा काय संबंध? ते म्हणाले, दहा दिवसांत काय होणार आहे? मला तर काही दुखतसुद्धा नाही. म्हणजे पुन्हा तेच. माझा इतका संताप झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी विचारून हॉस्पिटलातलं छोटं सोनोग्राफी यंत्र घरी आणलं, फोनला जोडायचं, खिशात मावणारं. अप्पांनी ते बघितलं आणि पेपर उघडला. मी म्हटलं, अप्पा, पाच मिनिटं. त्यांनी पान उलटलं.

काकू आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्या दिवसांत त्या कुणाशी फारसं बोलत नव्हत्या. पुढे आल्या, अप्पांच्या हातातला पेपर काढून घेतला आणि म्हणाल्या, “भाऊजी, झोपा. शर्ट वर करा.”

अप्पा झोपले. मी जेल लावलं, यंत्र टेकवलं. फोनवर करड्या रंगात पाठीचा कणा दिसला आणि त्याच्यापुढे एक काळं गोल वर्तुळ, अंगठ्याएवढं, ठोक्यागणिक हलकंसं हलणारं. बेंबीपर्यंत खाली नेलं. धमनी कुठेच फुगलेली नव्हती.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “अप्पांना काही नाही.”

“झालं?” काकूंनी विचारलं.

“झालं.”

“एवढंच असतं?”

“हो.”

त्या फोनकडे बघत राहिल्या. त्यावर अजून ते वर्तुळ थिजलेलं होतं. “ह्यांचंही दिसलं असतं? यात?”

खोटं बोलता आलं असतं. गॅस होता, कदाचित नसतं दिसलं, असं म्हणता आलं असतं.

“दिसलं असतं, काकू.”

“एवढ्याच वेळात.”

“एवढ्याच वेळात.”

 माझ्या हातातलं यंत्र त्यांनी घेतलं, पदराने त्यावरचं जेल पुसलं, पुन्हा माझ्या हातात दिलं. मग कोपऱ्यात बसलेल्या आपल्या मुलाकडे वळल्या.

“ये,” त्या म्हणाल्या. “आता तू झोप.”